नागपूर, पुणं आणि माझा तळहात

आमच्या घराण्यात मॅट्रिकला पहिल्या वर्गात पास होणारा मी पहिलाच. त्याचं बक्षीस काय मिळालं, तर उजव्या तळहातावरचा हा डाग. लोक विचारतात, कशानं भाजलं हो? मी सांगतो, कालेज निवडताना भाजलं. लोक हसतात. हसा लेको.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. तोवर आमच्या वऱ्हाडाला मोठं शिक्षण म्हणजे नागपूर, एवढंच ठाऊक. आता मुंबई-पुणंही आपलं झालं आणि घरात दोन पार्ट्या पडल्या. नागपूरची पार्टी म्हणजे मामा, आईचा थोरला भाऊ. नागपुरात शिकलेला, मेहकरला मास्तर. पुण्याची पार्टी म्हणजे काका, तिकडं एका कचेरीत कारकून. बाबा डोणगावजवळच्या आमच्या शेतात राबायचे आणि जो शेवटी बोलेल त्याचं त्यांना पटायचं. ज्याला जायचं होतं त्याला, म्हणजे मला, कोणी विचारतच नव्हतं. मला अकोल्याला शेतकी शिकायची होती. शेतकी खात्याचा एक माणूस आमच्या शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसून कपाशीचं बोंड फोडून आतली अळी दाखवून गेला होता, तेव्हापासून माझं मन तिथंच अडकलं होतं. पण बोलायची हिंमत कोणाची?

आईनं नवस केला होता, पोरगा पास झाला तर शेतातल्या मारुतीला रोडगे. रोडगे करायचे बाप्यांनी, बायकांनी नुसतं बसायचं. भर दुपारी निंबाखाली गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा लांबच लांब आर फुललेला, त्यात कणकेचे गोळे भाजायला टाकलेले. आराच्या एका अंगाला मामा, दुसऱ्या अंगाला काका. जेवण व्हायच्या आधीच दोघं सुरू झाले.

"पुन्याच्या नामी कालेजातून निंगालेल्या पोट्ट्याले साहेब उठून खुर्ची देते," काका म्हणाला.

"तुले देली काय बे कोनं? तू तं त्याइच्या टेबलावर पान्याचा गिलास ठेवून राह्यला."

"अन् नागपूरले शिकून तुमी काय उजेड पाडला, मास्तर? मेहकरच्या पोट्ट्याइचे कान पिळून राह्यले!"

"अबे, नागपूरहून वकील निंगाले, जज निंगाले! पुन्यात यानं ‘मले-तुले’ म्हटलं का सारा वर्ग हासन याच्यावर."

"म्हनूनच धाडाचं त्याले. जीभ तरी सुधरन त्याची."

जीभ सुधरन! मामाचं टाळकंच सटकलं. "तुह्या मायनं याच जिभेनं तुले लहानाचं मोठं केलं बे!" म्हणत त्यानं आरातला धगधगता रोडगा चिमट्यानं उचलला आणि काकाच्या छातीवर फेकला. काका बोंबलत आर ओलांडून आला, मामाचा सदरा कॉलरपासून खालपर्यंत फाडला. हाताला गोवऱ्या खालीवर करायचा दांडका लागला, तोच मामाच्या कपाळावर हाणला. भुवई फुटली. पांढऱ्या धोतरावर रक्ताची धार. बाबा मधे पडले तर त्यांच्याच तोंडावर कोपर बसलं आणि दात हातात आला. बायका ओरडत होत्या, "अवं, धरा ना कोनी!" धरणार कोण, धरणारेच मार खात होते.

मला सहन होईना. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "मले अकोल्याले जायचं हाये! शेतकी शिकायले!"

दोघंही थांबले. एकमेकांची गचांडी धरलेली, तोंडं माझ्याकडं.

"शेतकी?" काका म्हणाला.

"ढोरामांगं हिंडाले कालेज लागते काय बे?" मामा म्हणाला.

घ्या, झाली एकी! काकानं गचांडी सोडून मला असं झापडलं की कानात भुंगे वाजले. बाबांनी तोंडातलं रक्त थुंकून बैल हाकायचा कोरडा उचलला. आणि मामा डोळ्यावरचं रक्त पुसत म्हणतो, "हाना जवाई, हाना! मले भाच्यावर हात टाकता येत नाई."

आमच्याकडं मामानं भाच्याच्या पाया पडायचं असतं. आणि भाच्याला मारलं तर म्हातारपणी मामाचे हात थरथर कापतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून मी धावत जाऊन मामाच्याच कमरेला मिठी मारली. वाटलं, इथं कोणी मारणार नाही. बाबांनी मारलंच. कोरडा मामाच्या पाठीवर सपकन बसला. मामा कळवळून "सोड बे!" म्हणाला आणि दोन्ही हातांनी मला लोटून दिलं. मी पडलो तो आरातच, उजवा तळहात आधी.

आईनं मला ओढून बाहेर काढलं, हात घागरीत बुडवला. मग ती भावापुढं उभी राहिली. तिचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"दादा, भाच्याले आगीत लोटलं तू."

मामा मटकन खाली बसला. "माय वं," एवढंच म्हणाला.

"आता तो म्हनन ते कर. नाई तं माह्या दारात पाय ठेवू नको."

मामानं माझ्या पायावर डोकं ठेवलं. त्याच्या भुवईचं रक्त माझ्या अंगठ्यावर पडलं. "माग बे," तो म्हणाला. मी दात आवळून म्हणालो, "अकोला."

काका पिशवी उचलून उपाशीच डोणगावच्या रस्त्याला लागला. तो पुन्हा आमच्या शेतात जेवला नाही. मला अकोल्याला मामाच घेऊन गेला, माझ्या हाताला पट्टी, त्याच्या कपाळाला पट्टी. सगळी वाट तो मला नागपूर किती मोठं ते सांगत होता.

सारा जन्म मी कपाशीत काढला आणि सुखात काढला. मामा थकला तेव्हा त्याचे हात इतके कापायचे की कपबशी धरवत नसे. डाक्तरनं त्या दुखण्याला काहीतरी नाव दिलं. मामाचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. शेवटी भेटायला गेलो तर त्यानं माझा तळहात उघडला, बराच वेळ पाहिला आणि नेऊन आपल्या भुवईच्या व्रणावर ठेवला.

"नागपूरले गेला असता," तो म्हणाला, "तं आज कलेक्टर असता बे तू."

असा संताप आला मला! मी हात ओढला. त्याचे दोन्ही हात थरथरा कापत होते, पण त्यानं माझा हात सोडला नाही.