बाबांचा पॉपचा नाद
सेलोटेपचा वास आला की आमच्या मुर्री गावातली ती दुपार आठवते. आई जाऊन वर्ष झालं होतं. तिच्या आवाजातली भाताच्या रोवणीची गाणी एका कॅसेटवर होती; ती चुकून पुसली जाऊ नयेत म्हणून बाबांनी कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची पट्टी मोडून ठेवली होती. मला ती बाजारातली जुनी कॅसेट वाटली. पुन्हा भरता यावं म्हणून मी पट्टीच्या जागच्या भोकावर सेलोटेप चिकटवला आणि तिच्यावर पॉप गाणी भरली. बाबा एवढंच म्हणाले, "इचारून तं पाहाचं होतं." माझ्या गाण्यांनंतर, अगदी शेवटी, आईचं गाणी संपल्यावरचं एकच वाक्य उरलं होतं: "झालं काय? बंद कर मंग." तेवढ्यासाठी बाबा रोज अख्खी बाजू ऐकत. शेजाऱ्यांना वाटे, म्हाताऱ्याला पॉपचा नाद लागला. आता बाबाही नाहीत. त्यातलं एखादं गाणं दुकानात लागलं, की ते संपल्यावरही मी थोडी थांबते.