तेल लावलेल्या बाळाचे फोटो

जर्मनीतल्या उंटरश्लाइसहाइमला आमची लेक झाली तेव्हा सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यामुळे त्यांना येता आलं नाही. पण म्हणून मालिश चुकेल? छे! रोज सकाळी मी जमिनीवर टॉवेल अंथरून पाय पसरून बसायचे आणि पुण्याहून व्हिडिओ कॉलवर हुकूम सुटायचे. "अगं, हातात जीव आहे की नाही? जोर लाव जरा!" आंघोळ झाली की फोटो पाठवायचे. पाठ, मांड्या, काखेतलं पुरळ, सगळं. बाळ अंग धरतंय की नाही हे आईंना, म्हणजे सासूबाईंना, तेवढ्यावरून कळायचं. आमच्याकडे बाळाच्या उघड्या अंगाचं कुणाला काय वाटतं? माझ्या माहेरी माझा पालथी पडल्याचा तसलाच फोटो बैठकीत लावलेला आहे.

फोन ते सगळे फोटो आपोआप माझ्या ऑनलाइन खात्यात चढवत होता. माझ्या ते गावीही नव्हतं.

एका सकाळी खातं उघडेना. पडद्यावर जर्मनमध्ये लिहिलं होतं की या खात्यात लहान मुलांच्या शोषणाची चित्रं सापडली आहेत, म्हणून ते कायमचं बंद केलं आहे. मला वाटलं, आपलं जर्मन कच्चं. भाषांतर करून वाचलं. तेच होतं. खाली बारीक अक्षरांत, अशा प्रकरणांची माहिती पोलिसांना दिली जाऊ शकते.  लेक मांडीवर तेलाने माखलेली, आपलीच मूठ चोखत पडली होती.

नवरा सॉफ्टवेअरवाला. हा माणूस आजवर मला ऐकवत आला होता की इंटरनेटवर कायदे कशाला हवेत, पटत नसेल तर वापरू नका. त्या दिवशी मात्र "मशीनने बघितलाय गं फोटो, माणसाने नाही," एवढंच म्हणाला.

"मग माणसाला दाखव ना!" मी ओरडले.

त्याने तक्रार टाकली. चहा निवायच्या आत उत्तर आलं, निर्णय कायम. कोणता फोटो, त्यात काय चुकलं, एक अक्षर नाही. फोन नंबर नाही, पत्ता नाही. मी तशी भांडकुदळ बाई. मोडक्या जर्मनमध्ये घरमालकालाही सरळ केलंय मी. पण भांडायला समोर कुणीतरी लागतं हो!

खात्यात ईमेल होते, व्हिसाचे कागद होते, लेकीचे जन्मापासूनचे फोटो होते. त्यातलं काहीच माझ्या डोक्यात नव्हतं. डोक्यात एकच शब्द होता, युगंडआम्ट. मुलांच्या सुरक्षेचं सरकारी खातं. इथल्या आपल्या बायका हा शब्द आवाज खाली करून उच्चारतात, कारण घरात धोका आहे असं वाटलं तर हे लोक मूल घेऊन जाऊ शकतात. एकदा दारावरची बेल वाजली. लेकीला छातीशी धरून मी बाथरूमचं दार लावून बसले. पार्सलवाला होता. भर दिवसा खिडकीचे रोलाडेन खाली ओढून घरात अंधार करायचे. मालिश बंद केली. आईंना सांगितलं, फोन बिघडलाय. "मग त्याच्या फोनवरून पाठव की," त्या म्हणाल्या. त्यांना काय सांगू? तुमच्या नातीचे फोटो पाठवले म्हणून माझ्यावर हा आळ आलाय?

शेवटी नवरा मला घेऊन ग्राहकांना सल्ला देणाऱ्या एका बाईंकडे गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कचरा उचलायचा वार सांगावा तशा सुरात म्हणाल्या, "आल्झो, असं बघा, त्यांनी कारण सांगायलाच हवं. आणि तक्रारीचा निकाल नुसत्या मशीनवर सोडता येत नाही. हा तुमचा कायदेशीर हक्क आहे." मी तिथेच रडायला लागले. नवरा खाली मान घालून बसला होता. त्याला टोमणा मारायचंही त्राण माझ्यात नव्हतं.

बाईंनी कलमांसकट पत्र लिहून दिलं. मग वाट बघणं. आता खरंच कुठेतरी एक परका माणूस माझ्या लेकीचे फोटो उघडून, मी कसली आई आहे ते ठरवणार होता. मीच तशी मागणी केली होती.

काही आठवड्यांनी खातं उघडलं. चूक झाली, क्षमस्व, एवढंच. पोलिसांना कळवलं होतं का, या प्रश्नाला उत्तर नाही. नवऱ्याने पेढे आणायच्या गोष्टी सुरू केल्या. मला मात्र काही केल्या हायसं वाटेना.

त्याच आठवड्यात लेकीची तपासणी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कपडे काढा तिचे." मी पहिलं बटण धरलं. निघेचना ते. टेबलाच्या कोपऱ्यात त्यांचा फोन पडलेला होता आणि माझी नजर त्यावरून हलत नव्हती. त्यांनी स्वतः पुढे होऊन बटणं काढली, लेकीला पुढून मागून नीट न्याहाळलं. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

"हो, हो," मी म्हणाले, आणि उगाचच हसले.

त्या कॉम्प्युटरकडे वळल्या आणि काहीतरी टाइप करू लागल्या. बराच वेळ करत होत्या. माझ्या मुलीबद्दल काय लिहिलंत ते दाखवा, असं म्हणायचा हक्क या देशात मला आहे. मी लेकीला कपडे घातले आणि मुकाट्याने बाहेर पडले.