काकांवरचा पंचनामा

चोपड्याच्या वर, सातपुड्यातल्या एका पाड्यावर मी वाढले. आम्ही पावरा आदिवासी. पाड्यावरून वनखात्यात लागलेली मी पहिली मुलगी. खाकी घालून घरी आले तेव्हा आईला हसावं की लपावं तेच कळेना. पाड्यावर खाकी दिसली की बाया सरपणाची मोळी टाकून पळायच्या.

नोकरीला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा माझ्याच बीटमध्ये, म्हणजे माझ्या राखणीतल्या जंगलात, माझ्या सख्ख्या काकांनी साग तोडून शेती सुरू केली. वडील लवकर गेल्यावर मला आश्रमशाळेत घातलं ते याच काकांनी. बरोबरचा वनमजूर हळूच म्हणाला, "ताई, दोन दिवस आजारी पडा. दुसरं कोणी येईल."

मी आजारी पडले नाही. शेताच्या चारी बाजू मोजल्या, पंचनामा लिहिला, खाली सही केली. जप्तीसाठी कुऱ्हाड मागितली तेव्हा काकांनी पातं स्वतःकडे धरून दांडा माझ्या हातात दिला. त्यानंतर ते माझ्याशी बोललेच नाहीत. माझ्या लग्नालाही आले नाहीत.

पुढची बरीच वर्षं पाणवठ्यावरचे माग बघण्यात आणि बिबट्याने शेळी नेली की अर्ज लिहिण्यात गेली. पाड्यावर मी सरकारची होते, ऑफिसात 'त्यांच्यातली'. बाजारात केळी विकणाऱ्या एका अक्कांनी तर सरळच विचारलं, "बाई, तू सरकारनी शे का पाडानी?" मी हसून डझनभर केळी घेतली.

मग धुळ्याला, आदिवासींसाठीच्या एका कार्यालयात माझी बदली झाली. वनहक्काचे, म्हणजे कसत असलेली जंगलजमीन नावावर मागणारे दावे तपासायचं काम होतं. एका दुपारी फाईल उघडली तर वर काकांचं नाव. कायद्याने ठरलेल्या तारखेच्या आधीपासून जमीन कसत होतो, हे दाखवायला त्यांच्याकडे एकच कागद होता. माझा पंचनामा.

मी फाईल घेऊन साहेबांकडे गेले. "हे माझे काका आहेत, साहेब. हे दुसऱ्या कोणाकडे द्या."

"फाईल देतो दुसऱ्याकडे," साहेब म्हणाले. "पण सही तुमची आहे. ती खरी, हे तुम्हालाच सांगावं लागेल."

सुनावणीला काका एसटीने आले. खूप वाकले होते. समितीसमोर मी म्हणाले, "सही माझीच आहे. मोजणीही मीच केली होती." दावा मंजूर झाला.

बाहेर व्हरांड्यात काका इतक्या वर्षांनी पहिल्यांदा बोलले. "पोरी, तेव्हा तू मला धरलं होतंस का वाचवलं होतंस?"

"धरलंच होतं, काका."

"मग आज?"

मी त्यांना समोर चहाला नेलं. ते तुरीबद्दल बोलत राहिले, आणि मला आनंद झालाय की लाज वाटतेय, ते काही केल्या ठरेना.

गेल्या हिवाळ्यात त्यांचाच फोन आला. तुरीत बिबट्याची दोन पिल्लं सापडली होती. मी आधी वनखात्याला कळवलं, मग रजा टाकून स्वतः गेले. खात्याच्या माणसांनी आणि मी पिल्लं टोपलीत घालून होती तिथेच ठेवली आणि माणसं लांब केली. सकाळी टोपली रिकामी होती. पिल्लांची आई त्यांना घेऊन गेली होती. बांधावर बसून काका म्हणाले, "शेत माझं झालं. मग ही पिल्लं कोणाची म्हणायची?"

"राहू द्या तो कोपरा, आठ दिवस तूर कापू नका," मी म्हणाले. त्यांनी ऐकलं.

आता मला वरून विचारणा झालीय, जंगलात परत जायचं की धुळ्यालाच राहायचं. पसंती कळवायचा अर्ज माझ्या टेबलावर आहे. दोनदा पेन उघडून मी तो तसाच बाजूला ठेवलाय.