बिनबंदुकीचे मेजर

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत माझ्या बायकोच्या मामांइतका पट्टीचा शिकारी दुसरा नाही, आणि गेल्या पन्नास वर्षांत त्यांच्या हातून एक होलाही मेलेला नाही. ही दोन्ही विधानं मी पूर्ण शुद्धीवर असताना करतो आहे. कुंडलच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला मामांची वस्ती आहे. फौजेतून ते नाईक म्हणून निवृत्त झाले. पण गणवेश उतरवून परत आलेल्या माणसाला आमच्याकडे गावच बढती देतं, त्यामुळे ते मेजर. त्यांच्या वडिलांकडे ठासणीची बंदूक होती आणि पोरवयात मामा तिच्यामागे डोंगर तुडवत वाढले. पुढे शिकारीवर बंदी आली तेव्हा ते कुठल्याशा सीमेवर होते. रजेवर येऊन बघतात तर वडिलांनी बंदूक ठाण्यात देऊन टाकलेली. "बंदूक जमा केली, ब्येस झालं," मामा अजून सांगतात, "पर नाद कुटं जमा करायचा, पावणं?"

नाद काही जमा झाला नाही. थंडी पडली की दर रविवारी, दिवस उगवायला, मामा दोन दोस्तांना घेऊन हरणाच्या शिकारीला निघतात. एक दोस्त म्हणजे निवृत्त गुरुजी, ज्यांना चार मिनिटं गप्प बसणं हे निसर्गाच्या विरुद्ध वाटतं. दुसरे शिकलगार चाचा. त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे आणि रविवारी ते बंद बघून लोक परस्पर डोंगराकडे बघतात. डोंगरावर अभयारण्य आहे. तिथली चितळं तार ओलांडून रात्री खाली हरभऱ्यात आणि शाळूत उतरतात, उजाडता परत फिरतात. त्या वेळी यांनी त्यांचा माग काढायचा, वाऱ्याच्या उलट अंगाने सरकत जायचं, आणि हरणाने आपल्याला बघायच्या आत त्याच्या कानाची थरथर दिसेल इतकं जवळ पोचायचं. पोचले की मामा ताडकन उभे राहतात, दणक्यात टाळी वाजवतात, कळप डोंगराकडे उधळतो आणि मामा जाहीर करतात, "झाली शिकार!" मग बांधावर बसून भाकरी आणि खरडा. यात शिकार कुठली, असं मी एकदा विचारलं होतं. मामा म्हणाले, "मारायला काय, कोन बी मारंल. जवळ जायाला अक्कल लागती."

ही अक्कल त्यांना दोन दिवस आधीपासून सांभाळावी लागते. शुक्रवारपासून साबण बंद, तेल बंद, तपकीर बंद. शिकारीचे कपडे दोन दिवस गोठ्यात टांगायचे, म्हणजे माणसाचा वास जातो. आमचं लग्न सांगलीत शनिवारी होतं. मामा या नात्याने नवरीला मांडवात घेऊन यायचं काम त्यांचं, आणि दुसऱ्या दिवशी रविवार. लग्नाला आले ते गोठ्यातलेच कपडे घालून. अंतरपाटाच्या पलीकडून असा दरवळ आला की माझ्या आत्याने मंगलाष्टकं चालू असताना मागे वळून "गाय कुणी सोडली रे?" असं विचारलं. भटजींनी अक्षता संपायच्या आत मंगलाष्टकं संपवली. मामांना याचं काहीच वाटलं नाही. उलट रविवारी सात चितळं अगदी जवळून बघायला मिळाली, हा त्यांनी आमच्या संसाराला शुभशकुन मानला.

वारा ओळखायला त्यांच्या कनवटीला चाळलेल्या राखेची पुरचुंडी असते. सांगलीला विश्रामबागेतल्या आमच्या ऑफिसात ते एकदा आले, माझ्या टेबलापाशी उभे राहिले, चिमूटभर राख पंख्याखाली सोडली आणि ती कुठे जाते ते बघत म्हणाले, "पावणं, तुमचा सायब बराबर वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसलाय. तुमी डबा उघडला की त्येला पयला वास." दररोज नेमका जेवणाच्या वेळी साहेब माझ्याकडे फाईल घेऊन का येतो, हे कोडं पाच वर्षांनी सुटलं. मी टेबल फिरवलं. साहेब यायचा बंद झाला. पायाचे ठसे तर ते वर्तमानपत्रासारखे वाचतात. कोण आलं, कोण गेलं, जाताना रागात होतं का, हातात ओझं होतं का, सगळं. मामींची एकच तक्रार आहे: "ह्या मानसाच्या घरात चोरून गूळ खायाची सोय न्हाई."

मला त्यांनी शिकारी करायचा प्रयत्न केला होता. पहिल्याच रविवारी, चितळाची मादी हातभर दूर वाटावी इतक्या जवळ असताना, माझ्या खिशात मोबाईल वाजला. मामा दिवसभर काहीही बोलले नाहीत. संध्याकाळी फक्त मामींना म्हणाले, "पोरीला घर चांगलं मिळालं. पर जावई वाजतो."

अशा माणसाला चेला मिळाला तो तीन वर्षांपूर्वी, आणि तोही त्यांनी माग काढून पकडलेला. हरभऱ्याच्या कुंपणात जिथे जिथे हरणं शिरायची तिथे त्यांना एके सकाळी मोटरसायकलच्या क्लचवायरचे फास दिसले. एकूण सात. मामांनी सातही काढून खांद्याला अडकवले आणि शेजारच्या चिखलात उमटलेल्या, टाच फाटलेल्या बुटाच्या मागावर चालत सुटले. माग एका वस्तीच्या अंगणात जाऊन थांबला. मामा बाजेवर बसले. घरातल्या बाईने चहा दिला, तो प्यायले, आणि तिचा मुलगा येईपर्यंत दीड तास तसेच बसून राहिले. मुलाचं नाव अमर. वय वीस. भरतीत दोनदा उंचीत मागे पडलेला, त्यामुळे सगळ्या जगावर चिडलेला.

"ह्यो जोडा तुजा?" मामांनी विचारलं.

"व्हय."

"आन् हे?" खांद्यावरचे फास त्यांनी खाली टाकले.

अमरने फासांकडे बघितलं. मग एकदम भडकला. "मग काय करू, मेजर? आर्धा हरभरा खाल्ला त्यांनी. बा राखणीला जागून जागून आजारी पडला. हरणाला कायदा हाय, आमाला कोन हाय?"

"खरं हाय," मामा म्हणाले. "नुकसानीचा अर्ज गुरुजी लिवतील, तुज्यासंगं मी येतो. पर फास लावून घरी झोपतो, त्यो शिकारी न्हवं गड्या. तुला हरणाचा राग हाय न्हवं? मग त्येच्या जवळ जाऊन दाखव. रईवारी दिवस उगवायला ये."

तो आला नाही. मामा सोमवारी जाऊन बाजेवर बसले. पुढच्या रविवारीही आला नाही. मामा पुन्हा बाजेवर. न बोलता, न रागावता, चहा पीत. तिसऱ्या रविवारी अमरच्या आईनेच त्याला हाकलून पाठवला.

पहिला महिना मामांनी त्याला हरीण दाखवलंच नाही. तोडणी झालेल्या उसाच्या रानात वाळकं पाचट पसरलेलं असतं. त्यावर नुसतं पाऊल ठेवलं तरी पापड मोडल्यासारखा आवाज होतो. त्या पाचटावरून अमरने अनवाणी, आवाज न करता, या बांधापासून त्या बांधापर्यंत जायचं. मामा पाठ करून बसायचे आणि आवाज आला की नुसतं म्हणायचे, "म्येलास. म्हागारी." गुरुजी आणि चाचा सावलीत बसून बघायचे. पोरगं रडकुंडीला यायचं, शिव्या द्यायचं, "न्हाई जमत!" म्हणून चप्पल घालून निघून जायचं, आणि मामांचं पुन्हा बाजेवर बसणं सुरू व्हायचं. पाचव्या रविवारी मामा पाठ करून बसलेले असताना त्यांच्या खांद्यावर कुणीतरी बोट ठेवलं. मामा दचकले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्यामागे येऊन उभं राहिलं होतं आणि त्यांना कळलं नव्हतं. त्या दिवशी मामींना गोड करायला सांगितलं गेलं.

पुढच्या जानेवारीतली गोष्ट. त्या रविवारी मीही होतो, मोबाईल घरी ठेवून. पाणी पाजलेल्या उसाच्या कडेला मामा एकदम थांबले आणि गुडघ्यावर बसले. ओल्या मातीत चितळाचा माग होता. तीन खूर नेटके, खोल. चौथा ओढत नेलेला, आणि त्याच्या बाजूने साप गेल्यासारखी बारीक रेघ. मी अमरकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"मेजर," तो म्हणाला, "आठवा फास व्हता. वरल्या अंगाला. तवा तुमच्यावर राग व्हता, म्हनून एक तसाच ठिवला. मागनं काढाय गेलो तर जागाच घावली न्हाई. मग सांगायची लाज वाटली."

मला वाटलं मामा आता त्याच्या थोबाडीत देणार. मामा उठले, गुडघ्याची माती झाडली. "ते मागनं बोलू. जनावर जितं हाय. गुरुजी, फारेस्टात फोन लावा. अमऱ्या, माग काढ."

ऊस संपला, पडीक रान लागलं, मग खडक. डोंगराच्या मागल्या अंगाला, तारेच्या बाहेर, उघडाबोडका काळा कातळ आहे. तिथे मामा थांबले. इकडे वाकून बघितलं, तिकडे बघितलं, डोळे चोळले. मग अगदी हळू, कुणालाही ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "मला हितनं म्होरं काय दिसंना रं." मला ते थकल्याचं लक्षण वाटलं. अमर मात्र क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला, मग पुढे झाला आणि कातळावर जवळजवळ नाक लावून रांगू लागला. "वायर घासलीया, मेजर. चकाकतंय बगा. हिकडं गेलीया." तिथून पुढे तो सगळ्यांच्या पुढे होता.

ऊन चढलं. पाणी संपलं. चाचा एकदा घसरून कोपर सोलून घेऊन आले. गुरुजी सलग चार तास गप्प होते, यावरून प्रसंगाची कल्पना यावी. दोनदा माग तुटला. मी म्हणालो, आता वनखात्याची माणसं येतीलच, ती बघून घेतील. अमरने वळूनसुद्धा पाहिलं नाही. "त्यांनी यायच्या आत ती कुटं हाय ते मला म्हाईत पायजे," एवढंच म्हणाला. तुटलेल्या ठिकाणी परत जाऊन, मोठा फेरा घेऊन, त्याने तो माग पुन्हा जोडला.

दुपारी उशिरा एका ओढ्याच्या करवंदीच्या जाळीत ती दिसली. चितळाची मादी. वायर मुळीत अडकून ती आडवी झाली होती, कुशी भात्यासारखी हलत होती. आम्हाला लांब बसवून अमर एकटाच थोडा पुढे सरकला, पाचटावर शिकलेल्या पावलांनी, आणि तिथेच दगडासारखा बसून राहिला. वनरक्षक मुलगी दोन माणसं आणि जाळं घेऊन आली तोवर तासभर तो हलला नाही. मुलगी रहिमतपूरची, नवीन लागलेली, पण हिमतीची. जाळं पडलं, डोळ्यांवर गोणपाट आलं, अमरने मान धरली, चाचांनी कटरने वायर तोडली. पाय सुजला होता, पण हाड शाबूत होतं. जखम धुऊन, औषध मारून गोणपाट काढलं. मादी उठली, पडली, पुन्हा उठली. मग तीन पायांवर, मग चारही पायांवर, झाडीत गेली.

वनरक्षक मुलीने हातातली वायर उलटसुलट करून बघितली. तिने काही विचारायच्या आत अमर म्हणाला, "म्याडम, फास माजा हाय."

तिने मामांकडे बघितलं. मामा डोंगराकडे बघत होते. पोराच्या वतीने एक शब्द ते बोलले नाहीत, आणि आपण होऊन बोललेल्या पोराचा त्यांना किती अभिमान वाटला, हे फक्त त्यांच्या हनुवटीवरून कळत होतं. पुढे जबाब झाला, चौकशी झाली, हेलपाटे झाले. प्रत्येक हेलपाट्याला मामा बाहेरच्या बाकावर बसलेले असत. सगळं निस्तरल्यावर त्या मुलीनेच अमरला बोलावून घेतलं; डोंगराच्या कडेने लोकांनी लावलेले फास शोधून काढायला तिला असाच माणूस हवा होता. आता तो ते काम करतो आणि घरचा हरभराही राखतो. चितळं अजून खातातच. तो टाळी वाजवतो.

मामांचा त्या दिवशीचा थकवा थकवा नव्हता. सांगलीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती टिकवायची. मामांनी ते फौजेतल्या हुकमासारखं ऐकून घेतलं आणि थेंब घड्याळ लावून घालायला लागले.

यंदाच्या थंडीत मी गेलो तेव्हा पहिल्यांदाच मामा डोंगर चढले नाहीत. गुरुजी, चाचा आणि अमर वर गेले. मी आणि मामा खाली बांधावर बसून राहिलो. मामा मला वरची वाट सांगत होते: आता ओढा लागला असंल, आता गुरुजीला खोकला आला असंल. बऱ्याच वेळाने वरून टाळीचा आवाज आला. मामांनी मान हलवली.

तिघं उतरून आले. भाकऱ्या झाल्या. परत निघताना मामांनी नेहमीसारखं पुढे व्हायला पाऊल टाकलं, थांबले, आणि अमरच्या खांद्यावर हात ठेवून त्याच्या मागे उभे राहिले.

"चल," म्हणाले. "बिगीबिगी नगं. आन् वाटंनं काय काय हाय ते सांगत चल."

अमर सांगू लागला. हरभऱ्याला घाटं धरलंय, मेजर. टिटवी बसलीया बांधावर, एकच हाय. हितनं मुंगूस गेलंय, आत्ताच. मामा नुसतं "हं" म्हणत होते, आणि दोघं सावकाश, अजिबात आवाज न करता, वस्तीकडे चालले होते.