मोईन सरांचा दुसरा आवाज

रजिया भाभींचा फोन आला तेव्हा मी नांदेडला लेकीकडे होतो. सकाळची वेळ. "कुंटूरकर भाई, सर गेले," एवढंच त्या बोलल्या. पहाटेची फजरची नमाज पढून मोईन सर जरा आडवे झाले होते. भाभी चहा घेऊन आल्या, तर ते उठलेच नाहीत. मिळेल त्या बसने कंधार गाठलं. त्याला आता काही आठवडे होऊन गेले, पण त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की आधी त्यांचा आवाजच आठवतो. आणि मग प्रश्न पडतो, कोणता आवाज? कारण मोईन सरांना दोन आवाज होते. एक जन्माबरोबर आलेला आणि दुसरा त्यांनी साठीनंतर कमावलेला.

कंधारच्या एका शाळेत आम्ही अर्धं आयुष्य एकत्र काढलं. ते गणित शिकवायचे, मी मराठी. दोन वर्गांत एकच भिंत. त्यांनी प्रमेय सांगायला घेतलं की इकडे मला कविता थांबवावी लागायची. तसा माणूस फार नाजूक मिजाजाचा. इस्त्रीचा सदरा, खिशात अत्तराचा फाया. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याने मोठ्याने ढेकर दिला तर यांचं जेवण तिथंच संपायचं. संध्याकाळी आम्ही किल्ल्याच्या खंदकाकडे फिरायला जायचो. माणूस कशासाठी जन्माला येतो, माणूस म्हणजे नेमकं काय, असले प्रश्न मी काढायचो. ते हसायचे. "कुंटूरकर, तुम्ही मराठीवाले एकदम साध्यालाच हात घालता. आमच्याकडं आधी पक्ष लिहावा लागतो. काय दिलंय ते तर बघा!"

निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांत त्यांचा घसा बसला तो उघडेना. लातूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कॅन्सर आहे, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते सारखे बोलत होते. घोगऱ्या आवाजात, विषय मिळेल त्यावर. भाभींच्या हातचा खिचडा, शाळेची गळकी कौलं, कुणाच्या तरी लग्नातला बँड… आम्ही कुणीही त्यांना थांबवलं नाही. सकाळी स्ट्रेचर आत नेताना त्यांनी मान वळवून विचारलं, "रजिया, छत्री घरीच राहिली का गं?" भाभी म्हणाल्या, "हाव, घरीच हाय." सरांच्या त्या आवाजातलं छत्रीचं ते शेवटचं वाक्य. पुढे कितीदा तरी भाभी मला म्हणाल्या, "भाई, दुसरं काई तर बोलायचं होतं." मला मात्र वाटतं, जन्मभर सोबत राहिलेली माणसं शेवटी असलंच काहीतरी विचारत असतील.

घरी आले ते गळ्याला भोक घेऊन. श्वास तिथूनच, वर पांढऱ्या कापडाची जाळीदार पट्टी. बोलायला पाटी आणि खडू. फिरणं बंद झालं, मशिदीत जाणं बंद झालं. एकदा मी गेलो तर त्यांनी पाटीवर लिहिलं, "तुम्ही विचारत होता ना, माणूस म्हणजे काय? माणूस बोलतो. आता मी कोण?" मी पाटीकडे बघत राहिलो. इतकी वर्षं ज्या प्रश्नावर मी हौसेने बोललो, तो असा समोर आला. चहा निवला. शेवटी त्यांनीच हाताने पाटी पुसली.

महिना-दीड महिन्याने भाभींनी बोलावून घेतलं. "तुम्ही या बरं. ह्यो माणूस माझ्यासंगबी लिहून लिहून भांडून राहिलाय. लातूरची मॅडम बोलायला शिकवते म्हणती, तर जाईना." आम्ही दोघांनी त्यांना जवळजवळ ढकलतच बसमध्ये बसवलं. तिथल्या दवाखान्यातल्या वाचातज्ज्ञ मॅडमनी समजावलं की स्वरयंत्र नसलं तरी बोलता येतं. तोंडाने हवा अन्ननळीत घ्यायची आणि ती परत वर येताना तिच्यावर शब्द बसवायचा. थोडक्यात, ढेकर द्यायला शिकायचं. सरांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. त्यांनी पाटी ओढली आणि उर्दूतच लिहिलं. मी विचारलं, काय? तर भाभी तोंडावर ओढणी धरून म्हणाल्या, "म्हणतेत, शरीफ माणसाला हे शिकवायला सरकार पगार देतं का?"

पण शिकले. दार लावून, खिडकी लावून, कुत्रीसुद्धा ऐकणार नाहीत अशा बेताने. एका दुपारी भाभी भाजी निवडत होत्या आणि आतून खरखरीत आवाज आला, "पाच!" त्या धावत गेल्या. "काय पाच? काय पाहिजे?" सर पुन्हा म्हणाले, "पाच!" काहीच नको होतं. सरावाच्या शब्दांतला एवढाच शब्द येत होता. दोघंही हसत होते, रडत होते. भाभींनी मला फोन लावला, आणि मलाही पाचच ऐकवलं गेलं.

त्यानंतर मॅडमनी त्यांना वॉर्डात एकाला भेटायला सांगितलं. शिवराज त्याचं नाव. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, सौद्याची बोली पुकारणारा गडी. त्याच्या आवाजावर शेतमालाचे भाव चढायचे. त्याचंही स्वरयंत्र काढलेलं. भिंतीकडे तोंड करून पडलेला, बायकोकडेही बघत नव्हता. मी सोबत होतो. सर खाटेवर टेकले, हवा घेतली, काहीतरी चांगलं बोलायला तोंड उघडलं, आणि शब्दाऐवजी असा दणदणीत ढेकर आला की सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. सरांचे कान लाल झाले. क्षणभर वाटलं, आता उठून जातील. तेवढ्यात शिवराजची पाठ हलायला लागली. तो बिनआवाजाचा हसत होता. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पुन्हा हवा घेतली. तिथून ते दोघं सुरू झाले.

मग कंधारच्या त्यांच्या बैठकीत दर रविवारी माणसं यायला लागली. मुदखेडहून, मुखेडहून, लातूरहून. सर पुन्हा शिकवायला लागले आणि पुन्हा रागवायला लागले. आमचं खंदकाकडे जाणंही सुरू झालं. एकदा मी जुना प्रश्न काढलाच. म्हटलं, सर, सापडलं का साध्य? ते थांबले. हवा घेत घेत, तुकड्या-तुकड्यांनी म्हणाले, "साध्य… ठाऊक न्हाई. रविवारी… शिवराज येतो. त्याला… 'ळ' येत न्हाई. तेवढं… ठाऊक हाय." आणि चालायला लागले.

गेल्या रविवारी मी भाभींकडे गेलो होतो. बैठकीचं दार उघडं होतं, सतरंजी अंथरलेली होती. शिवराज पहिल्या बसने आला होता. मुखेडकडची एक नवी बाई भावाबरोबर आली होती; पदराने गळा, तोंड, सगळं झाकून कोपऱ्यात बसलेली. शिवराज तिला म्हणाला, "लाजू नको… माय. हितं… समदे असंच… बोलतेत." बोलण्याआधी हनुवटी जराशी वर करायची, शब्द संपला की भुवई उचलायची… हे त्याला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. पण ते सरांचं होतं. भाभी दारात उभ्या राहून बघत होत्या. बाईनं एकदा प्रयत्न केला, दोनदा केला, मान हलवली. शिवराजनं 'पाणी' हा सरावाचा शब्द पुन्हा म्हणून दाखवला. तिने डोळे मिटले, हवा घेतली, आणि फाटका, जाडाभरडा, पण ओळखू येईल असा शब्द बाहेर पडला, "पा…णी."

तिला तहान नव्हती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी भाभी आत गेल्या आणि तांब्या भरून घेऊन आल्या.