मायच्या हातच्या गाठी

घरामागच्या बाडीतली जुनी छपरी काल पाडली. छपरावरचे मातीचे कवेलू उतरवून झाले आणि आतून पळसाच्या मुळांच्या दोरांचा मातकट वास आला. तो नाकात गेला आणि मी याच बाडीत, पण फार वर्षं मागे जाऊन पोचले.

मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. बाबा वीटभट्टीवर गेलेले. मायनं पळसाची मुळं बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या, पाण्यात भिजवली, ठेचली, त्यांचे दोर वळले आणि एकही खिळा न ठोकता ती याच छपरीचे बांबू बांधत होती. शेजारचे काका, बाबांचे धाकटे भाऊ, कुंपणापाशी थांबून हसले.

"वैनी, बाईच्या गाठीवर छप्पर टिकते का?"

मायनं मान वर केली नाही. "लटकून पाहा ना, भाऊजी."

काका अंगानं चांगलेच भरलेले. त्यांनी आडवा बांबू दोन्ही हातांनी धरला आणि पाय उचलले. बांबू करकरला, गाठ हलली नाही. मला तेव्हा नुसती गंमत वाटली. माय मात्र पुढची गाठ मारत होती, तिनं तिकडं पाहिलंही नाही. आज कळतं, तिला पाहायची गरजच नव्हती.

काल बांबू वाळवीनं पोखरलेले निघाले, हात लावला की भुगा. गाठी तेवढ्या न सुटता, रिकाम्या कड्यांसारख्या खाली पडल्या.

पाडणाऱ्या मजुरानं एक उचलली. "हे कोणं बांधलं होतं जी?"

"माह्या मायनं," मी म्हटलं. काकांच्या अंगणात ऐकू जाईल इतक्या जोरात.