सुमतीकाकूंचा पुल्ला

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? कदाचित तुम्ही माझं पुस्तक वाचलं असेल. त्यातला तो वेलदोड्याचा पाव घरी करून बघितला असेल, तो घट्ट, कोरडा झाला असेल, आणि आपल्यालाच जमत नाही म्हणून तुम्ही गप्प बसला असाल. तुमचं काही चुकलं नव्हतं. एवढं आधी सांगून टाकते.

मी साताऱ्याची. लग्न झाल्यावर नवऱ्याच्या नोकरीमुळे पाच वर्षं फिनलंडमध्ये, तांपेरे नावाच्या गावात राहिले. परत आल्यावर तिकडच्या खाण्यापिण्याच्या आठवणी लिहिल्या, सोबत कृती दिल्या. राय नावाच्या धान्याची भाकरी म्हणावी असा काळा पाव, सॅमन माशाचं, दूध घातलेलं सार, आणि पुल्ला. पुल्ला म्हणजे वेलदोडा घातलेला गोड पाव, तीन पेडांची वेणी घालून भाजलेला. पुस्तक बरं चाललं. त्यातलं लोकांना सगळ्यात आवडलं ते पुल्ल्याचं प्रकरण. कारण त्या प्रकरणात सुमतीकाकू आहेत.

काकू सांगलीच्या. आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या अजितच्या आई. दिवाळी झाली की यायच्या आणि तीन महिने राहायच्या, असे दोन हिवाळे आल्या. घरातली सगळी कामावर, नातू पाळणाघरात, काकू दिवसभर एकट्या. आणि मीही एकटीच. मला तिकडे नोकरी नव्हती, भाषा येत नव्हती, नवरा सकाळी अंधारात जायचा आणि अंधारातच यायचा. दोन एकट्या बायकांचं जमायला किती वेळ लागतो?

काकू जैन, आणि नियमाच्या कडक. पाव-बिस्किटं चालायची त्यांना. पण कांदा, लसूण, बटाटा नाही, अंड्याचा तर वाससुद्धा नाही, आणि सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण नाही. आता डिसेंबरात तिकडे सूर्य उगवतो पावणेदहाला आणि तीनला मावळतो! ढगांत तो दिसतही नाही. काकू मोबाइलमध्ये सूर्यास्ताची वेळ बघायच्या आणि पावणेतीनला ताट धुऊन पालथं घालायच्या. अजित त्यांना चिडवायचा, की उन्हाळ्यात ये म्हणजे रात्री अकरापर्यंत जेवता येईल. त्या हसायच्या. पण त्या पहिल्या डिसेंबरात त्यांचं हसणं कमी झालं. अन्नावरची वासनाच उडाली. सोबत आणलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी करायच्या, चतकोर खायच्या आणि बाकीची झाकून ठेवायच्या. गळ्यातली माळ सैल झाली होती. अजित जिन्यात भेटला की म्हणायचा, "वहिनी, जरा बघा की आईकडं. काय खाईनाच झालीय."

एका बुधवारी मी पुल्ला केला. समोरच्या दारातल्या म्हाताऱ्या शेजारणीनं मला शिकवला होता. घरभर वेलदोड्याचा वास सुटला आणि मी, काही विचार न करता — खरंच न करता — गरम पुल्ल्याचे चार तुकडे बशीत घेऊन खाली गेले. काकूंनी बशी नाकाशी धरली. डोळे मिटले. म्हणाल्या, घरच्या लाडवांचा वास आला गं. एक तुकडा खाल्ला. दुसरा उचलला. इतक्या दिवसांनी त्या माउलीला काहीतरी गोड लागत होतं. आणि दुसरा तुकडा अर्धा खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं,

"व्हय गं विद्या, ह्यात अंडं न्हाई न्हवं?"

दोन अंडी होती. एक मैद्यात, एक वरून लावलेलं. वरची ती तांबूस चकाकी अंड्याचीच होती.

"नाही काकू," मी म्हटलं.

इथे थांबले तर माझी कहाणी बरी आहे. तुम्ही म्हणाल, काय करायचं मग, अर्धा तुकडा पोटात गेला होता, बाई आधीच खचलेली, बोललं गेलं तोंडातून. मीही स्वतःला कितीतरी वर्षं एवढंच सांगत आले. पण मी इथे थांबले नाही ना.

पुढच्या बुधवारी मी अंड्याशिवाय केला. शपथेवर सांगते, केला होता. पण मला तिकडच्या पावाचं गणित कुठे येत होतं? मी नुसतं अंडं वगळलं आणि बाकी सगळं तेवढंच ठेवलं. पाव कोरडा झाला, फुगला नाही, वरून पांढराफटक. काकूंनी एक तुकडा खाल्ला आणि प्रेमानंच म्हणाल्या, की आज न्हाई जमलं बघ, मागच्या बारीला लय भारी झाला होता.

एवढंच. यात रागवण्यासारखं काय होतं? पण मला ते लागलं. त्या अख्ख्या गावात तोंड भरून माझं कौतुक करणारं एकच माणूस होतं, आणि त्याच्या तोंडून ते एक आठवडा आलं नाही. दूध वाढवून बघता आलं असतं. दही घालून बघता आलं असतं. काकूंना खरं सांगून, दोघींनी मिळून खटपट करता आली असती — त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला होता. मी यातलं काही केलं नाही. तिसऱ्या बुधवारी मी दोन अंडी फोडली.

मग दर बुधवारी. तो हिवाळा आणि पुढचाही. मी टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि आमच्या इमारतीच्या कचऱ्यात न टाकता रस्त्यापलीकडच्या डब्यात नेऊन टाकायची. बर्फातून, बूट घालून. नवऱ्याला सांगितलं होतं की काकूंसाठी मी वेगळा, बिनअंड्याचा करते. तो म्हणाला, किती करतेस तू त्यांच्यासाठी. काकूंच्या अंगावर मूठभर मांस चढलं, माळ परत नीट बसली. अजितनं मला हात जोडले. वरच्या चकाकीबद्दल काकूंनी एकदा विचारलं, तेव्हा मी दूध-साखर म्हणून सांगितलं.

असत्य एकदा बोललं की पाठ होऊन जातं. मला ते इतकं पाठ झालं होतं की बशी घेऊन जिना उतरताना छातीत धडधडही व्हायची नाही. हे सांगताना मला आज जास्त लाज वाटते, पहिल्या दिवसापेक्षाही.

आणि मला त्याचं मोल माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात नातवानं काकूंच्या तोंडात एक रंगीत गोळी भरवली, अस्वलाच्या आकाराची. नंतर अजितनं पाकीट वाचलं, तर ती जनावरांच्या हाडा-कातड्याच्या चिकापासून केलेली. काकूंनी एका शब्दानं कुणाला दोष दिला नाही. दोन दिवस कडकडीत उपवास केला, पाण्यावर. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तर भिंतीला टेकून जप करत होत्या, ओठ सुकलेले. म्हणाल्या, "नकळत झालं म्हणून काय झालं? पोटात तर माझ्याच गेलं."

एका गोळीचे दोन दिवस. मी समोर बसून ऐकलं, त्यांना उपवास सोडायला मुगाचं पाणी करून दिलं, आणि पुढच्या बुधवारी परत पुल्ला केला. त्यांच्यासाठी खास. त्या अशक्त झाल्या होत्या म्हणून!

आता पुस्तकाचं. पुल्ल्याच्या प्रकरणात मी काय लिहिलं ठाऊक आहे? सूर्य न दिसणाऱ्या देशात आपला नियम तसूभरही न मोडणाऱ्या बाईबद्दल लिहिलं. लिहिताना मला रडू आलं होतं, आणि ते रडू खरं होतं — याचं मी काय करू, मला कळत नाही. खाली कृती दिली. अंडी कशी लिहिणार? काकू वाचणार होत्या. म्हणून ती ओळ खोडली. दूध वाढवलं नाही, दुसरं काही सुचवलं नाही, नुसती ओळ खोडली. तो माझा दुसऱ्या बुधवारचा फसलेला पुल्ला, तोच मी तुमच्या हातात दिला. वाचकांची पत्रं आली, कऱ्हाडहून, इस्लामपूरहून, पुण्याहून. पाव फुगत नाही, कोरडा होतो. मी सगळ्यांना आपुलकीनं उत्तरं लिहिली. मैदा जुना असेल. यीस्ट मेलेलं असेल. थोडा सराव लागतो.

पुस्तक आल्यावर सांगलीत काकूंच्या ओळखीच्या बायकांच्या मंडळानं कार्यक्रम ठेवला. परदेशात जाऊन नियम पाळला म्हणून काकूंना शाल-श्रीफळ दिलं. ते प्रकरण मी माइकवरून वाचलं. काकू पहिल्या रांगेत, पदर सारखा करत, संकोचून बसलेल्या. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट केलं. तिनं सांभाळलं मला तिकडं, असं शेजारी बसलेल्या बाईला सांगत होत्या. मी तिथून पळून का गेले नाही? पळाले नाहीच, उलट जेवायला थांबले.

आणि सगळ्यात वाईट अजून सांगायचं राहिलंय. काकूंचं पर्युषण संपलं की दुसऱ्या दिवशी क्षमावाणी असते. त्या दिवशी ओळखीच्या प्रत्येकाची क्षमा मागायची. सासू सुनेची मागते, मालक गड्याची मागतो. काकू मला दरवर्षी फोन करतात. मी त्यांच्या धर्माची नाही तरी करतात. वर्षभरात मनानं, बोलण्यानं, वागण्यानं तुला दुखावलं असेल तर उत्तम क्षमा कर, म्हणतात. ऐंशीच्या घरातली ती बाई माझ्याकडे क्षमा मागते! मग थांबतात. माझ्या बोलण्याची वाट बघतात. तो दिवसच मुळी सांगून टाकण्यासाठी केलेला. आणि मी म्हणते, काकू, माझंही काही चुकलं असेल तर क्षमा करा.

असेल तर. नऊ वर्षांत नऊ वेळा मी हे म्हटलं. दर वेळी काकू म्हणतात, तुझं काय चुकणार, बाई. आणि माझा जीव भांड्यात पडतो.

गेल्या महिन्यात सांगलीला गेले होते. काकू आता एक्याऐंशीच्या आहेत. नजर अधू झालीय. पुस्तक समोर उघडं ठेवून, भिंगातून एकेक ओळ वाचत त्यांनी माझ्यासाठी पुल्ला केला होता. अजितनं घेऊन दिलेल्या ओव्हनमध्ये. तीन पेडांची वेणी माझ्यापेक्षा सुबक. सूर्य मावळायच्या आत म्हणून घाईघाईनं चहा टाकला, सुरीनं जोर लावून तुकडा कापला आणि माझ्यापुढे ठेवला. दातांनी तुटत नव्हता.

"किती डाव केला गं मी, पर तुझ्यासारखा व्हत न्हाई," काकू म्हणाल्या. "माझ्या हातालाच गुण न्हाई ऱ्हायला."

बोटं बघत होत्या स्वतःची. पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक एकटीनं रांधणारे हात ते. मी चांगला झालाय म्हणाले. चहात बुडवून सगळा खाल्ला.

त्या दिवसापासून मला झोप नाही, जेवण नाही, असं काही लिहिणार नाही. जेवते आहे, झोपते आहे. फक्त ती बोटं डोळ्यांपुढून जात नाहीत.

पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे. प्रकाशकांनी दुरुस्त्या मागितल्या आहेत. त्या प्रकरणाच्या जागी हे जाईल, आणि खाली खरी कृती. पाव लिटर कोमट दूध, दोन चमचे यीस्ट, अर्धी वाटी साखर, चिमूटभर मीठ, पंधरा-वीस वेलदोडे ताजे, जाडसर कुटून. अर्ध्या किलोपेक्षा थोडा जास्त मैदा. पाऊण वाटी लोणी, शेवटी मळून जिरवायचं. दुप्पट फुगू द्यायचं, वेणी घालायची, परत अर्धा तास ठेवायचं, मग तांबूस भाजायचं. अंडी दोन. एक मैद्यात, एक फेटून वरून लावायला.

पण छापायच्या आधी हे काकूंना कळायला हवं, आणि माझ्याकडून. तोंडी सांगायला गेले की माझं वाक्य ऐन वेळी वळण घेतं, हे मला पुरतं ठाऊक आहे. म्हणून लिहून काढलं. शनिवारी सकाळच्या एसटीनं हेच कागद घेऊन सांगलीला जाते आहे. आहे तसं वाचून दाखवेन, एक शब्द न गाळता. त्या वयात त्यांना हे कशाला सांगायचं, असं तुमच्या मनात येईल. माझ्याही येतं. नऊ वर्षं तेच येत होतं, आणि ते मला किती सोयीचं वाटत होतं, तेही आठवतं.

क्षमा मागणार नाही. तो शब्द मी नऊ वेळा खोटा वापरलाय, आता तो माझ्याकडे उरलेला नाही. त्या एका गोळीचे दोन दिवस होते. दोन हिवाळ्यांचे किती होतील ते काकू ठरवतील, आणि ते त्यांच्याच पोटाला बसतील, माझ्या नाही.

म्हणून पोचल्या पोचल्या कागद काढणार नाही. त्यांचं संध्याकाळचं जेवण लवकर असतं. ताट मी वाढेन, समोर बसेन, त्यांना पोटभर जेवू देईन. ताट धुऊन पालथं घातलं की मग वाचायला घेईन.